तवशाला मच्छरदाणी

“बोट खाली घे! आधी बोट खाली घे गो!”

अनशाकाकी ओरडली आणि त्याच क्षणी माझ्या मनगटावर फटका बसला. मी मांडवाखाली उभी होते. वर पानांच्या आड तवशाचं एक पिल्लू लोंबत होतं, अंगठ्याएवढं, शेंड्याला सुकत आलेलं पिवळं फूल अजून चिकटलेलं. त्या पावसाळ्यातलं पहिलं. मला इतका आनंद झाला होता की सासूबाईंना हाक मारून मी हात लांब केला होता आणि म्हटलं होतं, “आई, ते बघा!” तेवढंच.

“गेला आता ता,” काकी म्हणाली. “कुसतला. बघ तू.”

तवसं म्हणजे मांडवावर धरणारी कोकणातली मोठी काकडी. नीट पोसलं तर कोपरापासून पंज्यापर्यंतच्या हाताएवढं होतं, आणि सोन्यासारखं पिवळं पडतं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, दाखवायचंच झालं तर बोट वाकवून दाखवावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या सांगोल्याकडेही म्हणतात तसं, नाही असं नाही. पण सांगोल्याला आमच्या दारात पाण्यावाचून वेल कधी मांडवावर चढलाच नाही. बोट वाकवायची सवय लागणार कशी?

मी सांगोल्याची, आणि नवरा कुडाळ तालुक्यातला. तो एसटीत ड्रायव्हर. पहिली नेमणूक आमच्याकडे झाली, शेजारची खोली भाड्यानं घेतली, आणि बदली होऊन परत निघाला तेव्हा मला बरोबर घेऊनच निघाला. वैशाखात लग्न झालं. घरात सासूबाई एकट्या. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणाच्या पल्याड, चुलतसासू अनशाकाकी आणि तिचा मुलगा सुभाष. घरामागे सासूबाईंचं परसू होतं. भेंडी, वाली, पडवळ, दोडकी, अळू आणि तवशाचा मोठा मांडव. शेण, राख, पालापाचोळा, आंबट ताक यांपलीकडे त्या मातीत कधी काही पडलं नव्हतं. “आपण खातव ता दुसऱ्याक घालूचा, नायतर घालूचाच नाय,” हा सासूबाईंचा नियम. औषधाच्या बाटलीला त्या घरात जागा नव्हती.

आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्यातला प्रकार. मी आले त्या पावसाळ्यात बरीच तवशी कुजून पडली. दुसऱ्या वर्षी झाडून सगळी. आणि चतुर्थीला आमच्याकडे तवशावाचून चालत नाही. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिला नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं, पडवळ, रानातली फुलंफळं बांधायची आणि मधोमध घरचं तवसं. घरचं म्हणजे घरचंच. दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं कुडाळच्या बाजारातून तवसं आणलं. सासूबाईंनी ते बांधलं, पण बांधताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. मी स्टूल धरून उभी होते, मला ते स्पष्ट दिसलं.

त्या दिवसापासून काकीनं खापर माझ्या बोटावर फोडलं. तिच्या स्वतःच्या मांडवावरची तवशीही कुजत होती, पण त्याचंही कारण तेच. तिच्या मते माझ्या बोटाचा पल्ला गडगा ओलांडून जात होता.

“घाटावरच्या चेडवाचा हात,” ती विहिरीवर बायकांना सांगायची. “फळ म्हणून धरूचा नाय तिच्या हाताक.” लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि आमच्या घरी पाळणा हललेला नव्हता. ते वाक्य नेमकं कुठे लागावं म्हणून फेकलंय, हे सांगायला मला कोणी लागत नव्हतं. घागर घेऊन मी घरी यायची आणि चुलीपुढे बसून रडायची. धुराचं निमित्त सोयीचं पडायचं.

तर त्या तिसऱ्या वर्षी मी दाखवलेलं ते पहिलं पिल्लू चार दिवसांत पिवळं पडलं, मऊ झालं आणि टपकन खाली आलं. त्याच्यामागून आणखी तीन.

संध्याकाळी काकी ओट्यावर येऊन बसली, सुभाषला आणि त्याच्या फवारणीच्या पंपाला घेऊन.

“बाय, आता तरी ऐक,” ती सासूबाईंना म्हणाली. “सुभाष माझ्या माटवार मारतलोच हा. तुझ्यार पन मारतलो. आणि हिका माटवाखाली जाव देव नको.” माटव म्हणजे मांडव.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, नेहमीसारख्या दोन शब्दांत तिला वाटेला लावतील. पण त्या थकल्या होत्या. गेल्या वर्षीचं विकतचं तवसं त्यांच्या मनातून उतरलं नव्हतं.

“चवथीपर्यंत बघूया,” त्या म्हणाल्या. “यंदा माटवेक घरचा तवसा नाय गावला, तर फुडल्या वर्सापासून सुभाष काय ता करांदे. मी आडवी येवचंय नाय.”

“आणि ही?”

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता सूप झटकलं. “मालन, तू थोडे दिस माटवाखाली जाव नको गो.”

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या समजुतीनं म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. परसू हीच त्या घरातली माझी आवडती जागा होती. ओल्या मातीत हात घालायला मिळतो म्हणून तर मला ते घर आपलं वाटू लागलं होतं, आणि आता तिथूनच मला बाहेर काढलं होतं.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा मी सगळं त्याच्या कानावर घातलं. तो हातपाय धूत होता.

“आईचं ऐक की. चार दिवस बोट खिशात ठेव.”

“साडीला खिसा असतो का?”

“मग मूठ मिटून ठेव,” तो म्हणाला आणि जेवायला बसला. माणूस गरीब, पण मदतीला शून्य.

मांडवाखाली जायची बंदी होती. मांडवाखालून घरंगळत बाहेर आलेल्या तवशावर मात्र बंदी नव्हती. दुसऱ्या दिवशी असंच एक माझ्या पायाशी येऊन थांबलं. रागाच्या भरात मी ते उचललं, स्वयंपाकघरात नेलं, आडाळी, म्हणजे विळी, मांडली आणि मधोमध चिरलं. माझ्या बोटानं याला काय केलंय ते मला बघायचंच होतं.

आत गच्च अळ्या. पांढऱ्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या. आणि त्यांतली एक वळली, अंगाची गाठ केली आणि टुणकन उडी मारून माझ्या मांडीवर पडली. मी किंचाळले. मग दुसरी उडाली, तिसरी उडाली. जमिनीवर पडल्यावर त्या सगळ्या मातीच्या भेगेकडे निघाल्या, जणू कोणी तिकडे बोलावलंय.

मी बसल्या जागी विचार करू लागले. बोटानं नासलं तर फळ नुसतं नासेल. बोटानं अळ्या कशा पडतील? मी काही देवी नव्हते, बोट दाखवलं आणि जीव निर्माण झाले असं व्हायला. आणि या मातीकडे का धावतात?

लोणच्याची एक रिकामी बरणी होती. तिच्यात परसातली ओली माती भरली, वर तो चिरलेला तुकडा अळ्यांसकट ठेवला, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलं आणि बरणी गोठ्यात नेऊन गव्हाणीत ठेवली. गोठा रिकामाच होता, तिकडे कोणी फिरकत नसे. रोज भांडी घासून झाली की मी जाऊन बघायची. दोन दिवसांत अळ्या मातीत उतरून दिसेनाशा झाल्या. मग कितीतरी दिवस काहीच नाही. मला वाटलं, मेल्या सगळ्या, आपलं डोकं फुकट शिणलं.

मग एका सकाळी बरणीत भिरभिर ऐकू आली.

आत माशा होत्या. घरातल्या माशीसारख्या नव्हेत. तपकिरी, कमरेला बारीक, अंगावर पिवळे पट्टे, पंखांवर काळसर डाग. बरणी उजेडाकडे धरून मी बघतच राहिले. एवढ्यात मागून आवाज आला.

“हय काय करतंस गो?”

सासूबाई दारात उभ्या होत्या. लपवायला वेळच नव्हता. मी बरणी पुढे केली आणि चिरलेल्या तवशापासून सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी बरणी हातात घेतली, डोळ्यांशी नेली.

“ही?” त्या म्हणाल्या. “ही तर रोज माटवात दिसता. फुलार बसता, पिलावर बसता. मी म्हटलंय, मधमाशेची जात. हिका मी कधी हाकलूक पन नाय.”

“ती बसत नाही आई, टोचते. आत अंडी घालते. फळ पडलं की अळ्या मातीत शिरतात आणि अशा बाहेर येतात. पुन्हा वर मांडवावर.”

सासूबाईंनी मान हलवली. पटत होतं आणि नव्हतंही. “गो, पन माशये काय आजकालचे? माझ्या सासयेच्या वेळेकपन होते. चाळीस वर्सा मी माटव घालतंय. चार-पाच तवशी कुसायची, बाकीची ऱ्हवायची. ह्याच तीन वर्सात काय झाला?”

म्हणजे पुन्हा मीच उरत होते. तीन वर्षांत त्या घरात नवीन आलेलं दुसरं काय होतं? तरी मी विचारलं, “पडलेली तवशी तुम्ही कुठे टाकता?”

“टाकतंय कित्याक? येलाच्या मुळात, आळ्यात घालतंय. झाडाचा झाडाक. खत होता त्याचा.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशी…” त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बरणी जिथून उचलली होती त्या गव्हाणीकडे पाहिलं. रिकाम्या गव्हाणीच्या कडेला दोराच्या घर्षणानं पडलेली खाच होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला.

“चंद्री खायची,” त्या हळूच म्हणाल्या.

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. सासूबाईंचे गुडघे धरले, वैरण ओढवेना, म्हणून लग्नाच्या गडबडीआधी त्यांनी ती विकली होती.

“पडलेला तवसा मी सकाळ-सांज उचलून तिच्या फुड्यात टाकायचंय. मातीत जावक एक उरायचा नाय. अनशा पन तिची पडलेली हाडून चंद्रीकच घालायची. तिच्याकडे म्हस खय होती?” सासूबाई गव्हाणीच्या काठावर बसल्या. “म्हस गेली वैशाखात. तू इलंस वैशाखात.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग सासूबाईंच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. मोठ्यानं हसायची त्यांना सवय नव्हती. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या.

“काय गो माझा कर्म! चंद्रीचा काम मी बंद केलंय, आणि पाप लावलंय तुझ्या बोटाक!”

मी पण हसले आणि लगेच रडले. वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे माहीत होतं, पण म्हशीचं तेल सुनेवर निघालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

“चल,” सासूबाई उठल्या. “माटवात चल. चवथीक दीड महिनो असा.”

बंदी तिथेच उठली. पण माझी बंदी उठून तवसं थोडंच पिकणार होतं? माशा तर मांडवात भरलेल्या होत्याच. सासूबाईंनी वेलांची आळी उकरायला घेतली आणि मातीतून तांबूस दाणे निघाले, गव्हासारखे. माशांचे कोष. एका ओंजळीत किती तरी. मी पळत जाऊन कोंबड्यांचा खुराडा उघडला. एरवी कोंबड्या परसात आल्या तर सासूबाई खडे मारायच्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः “ये ये” करून बोलावलं. वेल मांडवावर चढलेले, मुळं खोल, कोंबड्या बिघडवणार काय? त्या तुटून पडल्या. पडलेली तवशी आम्ही पाण्याच्या पिंपात बुडवून वर झाकण ठेवू लागलो.

सासूबाई गडग्यापाशी गेल्या आणि काकीलाही सांगून पाहिलं, बरणी दाखवून. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुझ्या सुनेपेक्षा तुझी म्हस बरी होती,” ती म्हणाली. “ता माका ठावक होता.”

“अनशा, पडलेला आळ्यात टाकू नको गो. माझ्याकडे दी.”

“माझा खत तुका कित्याक देव? सुभाष औषद मारता. तुझी तू माशयो पकड.”

सुभाषनं फवारणी केली. तो मारून गेला की त्यांच्या मांडवातून उग्र वास यायचा, दोन दिवस माशी दिसायची नाही, तिसऱ्या दिवशी मातीतून नवीन माशा यायच्या. जे अळीरूपानं फळात होतं आणि कोशात मातीत होतं, त्याला त्याचा पंप काय करणार? आणि त्यांच्या माशा गडगा ओळखत नव्हत्या. आमची माती साफ झाली तरी पाहुणे पलीकडून येतच होते.

“फळाकच झाकूक व्हया,” सासूबाई म्हणाल्या.

कागद गुंडाळला, पावसानं लगदा झाला. प्लास्टिकची पिशवी बांधली, आत वाफ धरून फळ सडलं. पानं बांधली, वाऱ्यानं उडाली. श्रावण लागला होता आणि मांडवावर एकही धड फळ नव्हतं. मग एका दुपारी मी पेटीतून माझी मच्छरदाणी काढली. कोकणात डास फार म्हणून वडिलांनी लग्नात दिलेली, गुलाबी, कडेला झालर. सांगोल्याच्या बाजारात त्यांनी ती कशी पारखून घेतली होती ते मला आठवलं. क्षणभर हात अडखळला. मग कात्री चालवली.

बाहीसारख्या लांब पिशव्या शिवल्या. जाळी फळाला चिकटली तर माशी जाळीतूनही टोचते, म्हणून आत नारळाच्या हिराची, म्हणजे झाडूच्या काडीची, गोल कडी घातली. पहिल्या चार पिशव्या मी घाईघाईनं कळ्यांवरच चढवल्या. ती चारही पिल्लं पिवळी पडून गळली. काकीनं गडग्यावरून पाहिलं आणि मनसोक्त हसून घेतलं.

“तवशांक मच्छरदाणी! आता गोधडी पन घाल हो! आणि बघ, तरी पडली! हात तो हातच!”

माझे डोळे भरले. सासूबाई मात्र गळलेलं पिल्लू उलटसुलट करून बघत होत्या.

“ह्यात अळी नाय,” त्या म्हणाल्या. “नुसता सुकला. गो, तू फुलाक कोंडलंस. मधमाशी आत जातली कशी? फूल उमलांदे, सुकांदे, पिल्लू जरा फुगांदे, आणि त्याच दिसा पिशवी घाल. आदी नाय आणि मगे नाय.”

वेल त्यांना कळत होता आणि माशी मला कळली होती. दोघींचं मिळून एक डोकं झालं. रोज सकाळी सासूबाई खालून सांगायच्या, “ह्या झाला, ह्या नाय, ता उद्याक,” आणि मी शिडीवर चढून पिशव्या बांधायची. रात्री आम्हाला डास फोडून काढायचे. नवरा सुट्टीवर आला आणि बिछान्यावर बसून गाल खाजवत म्हणाला, “म्हणजे मला डास चावले तरी चालतील, पण तवशाला माशी चावता कामा नये?”

“तुम्ही कुजून पडत नाही,” मी म्हटलं.

हळूहळू पिशव्या भरायला लागल्या. करंगळीचं मनगट झालं, मनगटाची पोटरी झाली. मी पिशवीची गाठ सैल करायची, फळ हातावर तोलून बघायची. गुलाबी झालरीत हिरवीगार तवशी लोंबत होती, आणि हिरव्यावर पिवळी झाक चढत होती. गावातल्या बायका वाट वाकडी करून बघायला येऊ लागल्या. विहिरीवर माझ्याशी न बोलणारी एक म्हातारी येऊन म्हणाली, “माका दोन पिशयो शिवन देशीत गो?” मी तिला चार शिवून दिल्या.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी आंघोळ करून कोयती घेतली. मांडवाखाली आल्या, आणि कोयती माझ्या हातात दिली.

“तू काढ.”

मी सगळ्यात मोठं काढलं. पिशवी सोडली. डाग नाही, टोचा नाही, हळदीसारखं पिवळं. दोन्ही हातांत धरून घरात आणलं तेव्हा नवरा माटवीला आंब्याचे टाळे बांधत होता. सासूबाई स्टुलावर चढल्या, गुडघे दुखत असताना चढल्या, आणि ते तवसं त्यांनी मधोमध बांधलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. बांधून झाल्यावर खालून, उजवीकडून, डावीकडून बघितलं. मला तर वाटत होतं, गणपती यायच्या आधीच आरती म्हणावी.

तेवढ्यात मागच्या दारानं अनशाकाकी आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. तिचा चेहरा उतरला होता. तिच्या मांडवात एकच तवसं टिकलंय असं तिला वाटत होतं. ते काढायला गेली तर बोट आत रुतलं. साल चांगली, आत नुसतं पाणी आणि अळ्या. आता बाजारातून आणायचं तर सुभाष मूर्ती आणायला गेलेला, आणि माटवी रिकामी.

“बाय,” ती म्हणाली, “तुझ्या माटवातला एक तवसा…”

“माका इचारू नको,” सासूबाई स्टुलावरूनच म्हणाल्या. “माटव तिचो.”

मी हातात झाडू घेऊन उभी होते. ते दोन शब्द कानांत शिरले आणि पायापर्यंत उतरले. तीन वर्षं मी ज्या घरात राहत होते, त्या घरात त्या क्षणी आले. काकी माझ्याकडे वळली.

“मालन… एक देशीत?”

खरं सांगते, विहिरीवरची तिची सगळी बोलणी माझ्या जिभेवर रांग लावून उभी राहिली होती. पण उद्या गणपती येणार होते, आणि जिंकलेल्या माणसाला बोलायची घाई नसते.

“चला की काकी. कुठलं पाहिजे ते घ्या.”

आम्ही मांडवाखाली गेलो. सासूबाईही मागून आल्या. वर पानंच पानं आणि पिशव्याच पिशव्या. काकी मान वर करून गोल फिरली.

“ह्यातला पिकलेला खयचा?”

“तो खांब आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला. आडव्या बांबूच्या मागे,” मी म्हटलं. दोन्ही हात मी पाठीमागे धरले होते, एकात एक घट्ट.

“ह्या?”

“ते नाही. त्याच्या पलीकडे. मोठ्या पानाआड.”

“खय गो? माका दिसना.”

“जरा वर बघा. आणखी वर. आता उजवीकडे.”

“उजवीकडे तर कोवळा असा!”

“एवढं उजवीकडे नाही, काकी.”

मानेला कळ लागली तशी काकीनं मान चोळली. मी आपली शांतपणे दिशा सांगत होते, हात मागेच. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. शेवटी काकीचा धीर सुटला.

“तोंडान काय सांगतंस मेले!” ती ओरडली. “बोट दाखव! बोट दाखवन सांग!”

मी हात पुढे आणला. हळूच वर उचलला आणि बोट जरासुद्धा न वाकवता, ताठ, त्या पिकल्या तवशाकडे रोखलं.

“ते बघा.” मग त्याच्या शेजारच्याकडे. “आणि ते बघा. ते कोपऱ्यातलं. ते जुळं. ते वरचं. ते आईंच्या डोक्यावरचं. ते अजून कोवळं आहे, ते बघा! ते बघा! ते बघा!”

मी मांडवभर फिरत सुटले होते. एकही तवसं मी सोडलं नाही. आवाज गडग्यापलीकडे जात होता, विहिरीपर्यंत जात असेल, जाऊ दे. सासूबाईंनी आता पदर तोंडाला लावायचंही सोडून दिलं होतं.

“पुरे गो मालन,” त्या हसत ओरडल्या. “तिका एकच व्हया!”